पुढच्या काचेवरचा चिवट डाग

औंधकडून मुळा नदीचा पूल ओलांडला की सांगवी लागते. एका अंगाला मुळा, दुसऱ्या अंगाला पवना आणि थोडे पुढे, दापोडीजवळ, दोघींचा संगम. दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या या वस्तीत पाणी मात्र दोन अगदी वेगळ्या वाटांनी येते. पहिली वाट पवना धरणाची. मावळातल्या डोंगरांवर पडलेला पाऊस धरणात साठतो, नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतो आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन नळाला येतो. दुसरी वाट जमिनीखालची, म्हणजे विंधनविहिरीची. लोकांच्या भाषेत 'बोअरचे पाणी'. नोव्हेंबर २०१९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला, तेव्हा या दुसऱ्या वाटेचे महत्त्व आणखी वाढले. नळाचे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी, आणि बोअरचे किंवा टँकरचे पाणी बागेसाठी, जिन्यासाठी व गाड्या धुण्यासाठी, अशी वाटणी अनेक सोसायट्यांत दिसते.

सकाळी गाडी धुतली, उन्हात उभी केली आणि तशीच वाळू दिली, की पुढच्या काचेवर पांढरट वर्तुळे उमटतात. पहिल्या दिवशी ती ओल्या फडक्याने जवळजवळ निघून जातात. महिन्याभराने साबणालाही दाद देत नाहीत. वर्षभराने लिंबू, व्हिनेगर काहीही चोळा, वर्तुळाची फिकट छाया राहतेच. मग कोणी राख घेतो, कोणी तारेची घासणी, आणि काच कायमची खराब होते.

बारावीचे विद्यार्थी प्रयोगशाळेत क्षाराचे गुणात्मक विश्लेषण करतात. अज्ञात क्षार हाती आला की ते लगेच तीव्र आम्ल ओतत नाहीत. आधी रंग पाहतात, पाण्यात विरघळतो का ते पाहतात, मग सौम्य आम्ल, मग पुढची परीक्षा. काचेवरच्या डागाकडेही याच दृष्टीने पाहायला हवे. डाग काढणे म्हणजे डाग आणि काच यांच्यातला एखादा फरक शोधून त्याचा उपयोग करणे. फरक जितका मोठा तितके काम सोपे. फरकच उरला नाही तर काय होते, हे बोअरच्या पाण्याचा डाग आपल्याला फार चांगले शिकवतो.

काचेचा पृष्ठभाग

मोटारीची पुढची काच ही एक काच नसते. दोन पातळ काचांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या प्लॅस्टिकचा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा पापुद्रा दाबून बसवलेला असतो. त्यामुळे आघाताने काच तडकली तरी तुकडे उडत नाहीत. अशा थरांच्या काचेचे पेटंट फ्रेंच रसायनतज्ज्ञ एद्वार बेनेदिक्तुस याने १९०९ मध्ये घेतले. आज याच औद्योगिक पट्ट्यात, चाकणजवळ कुरुळी येथे, सेंट-गोबेन सेकुरिटच्या कारखान्यात मोटारींच्या काचा तयार होतात.

डागाचा संबंध येतो तो सर्वांत बाहेरच्या थराशी. ही साधी सोडा-लाइम काच. तिच्यात सुमारे ७० टक्के सिलिका असते, बाकी मुख्यतः सोडियम व कॅल्शियम यांची ऑक्साइडे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू एकमेकांना जोडून तिचे जाळे बनलेले असते. पृष्ठभागावर हे जाळे तुटलेले असते आणि तेथील मोकळ्या टोकांना हवेतील बाष्पामुळे हायड्रॉक्सिल गट चिकटलेले असतात. म्हणून स्वच्छ काचेला पाण्याची ओढ असते. तिच्यावर पाणी थेंबाथेंबाने न राहता पसरते. ही हायड्रॉक्सिलची टोके पुढे आपल्या गोष्टीत महत्त्वाची ठरणार आहेत.

थेंब वाळतो तेव्हा

पवनेचे पाणी सह्याद्रीवर पडते आणि थोड्याच काळात धरणात येते. खडकाशी त्याचा सहवास कमी, म्हणून ते तुलनेने सुफेन. बोअरचे पाणी मात्र जमिनीत मुरलेले असते. मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो व सौम्य कार्बॉनिक आम्ल बनते. हे आम्ल दख्खनच्या बेसॉल्टला, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाला, हळूहळू झिजवते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या या खडकात फेल्डस्पार व पायरॉक्सीन ही खनिजे मुख्य. ती झिजली की पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे येतात. असे पाणी दुष्फेन होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची एकूण दुष्फेनता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर ६०० पर्यंत चालते.

थेंब वाळताना कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विद्राव्य बायकार्बोनेटाचे अविद्राव्य कार्बोनेट होते. चहाच्या किटलीत बसणारा पांढरा थर तो हाच. पण तो काचेवर वर्तुळाच्या रूपात का दिसतो? थेंबाची कड काचेला धरून राहते. कडेला पाण्याचा थर पातळ असतो आणि बाष्पीभवन तेथे सर्वांत वेगाने होते. कमी झालेले पाणी भरून काढण्यासाठी थेंबाच्या मध्यातून कडेकडे प्रवाह सुरू होतो व बरोबर कणही वाहून नेतो. सांडलेल्या चहाकॉफीच्या डागाची कड गडद दिसते ती याचमुळे. शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे स्पष्टीकरण १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. इतकी रोजची गोष्ट, पण तिचे नेमके कारण कळायला विसावे शतक संपत आले!

आता एक छोटे गणित करू. विद्यार्थ्यांना ते फळ्यावर सोडवायला द्यावे. थेंबाचे आकारमान ०.०५ मिलिलिटर आणि पाण्याची दुष्फेनता लिटरला ५०० मिलिग्रॅम धरा. सर्व क्षाराचे कॅल्शियम कार्बोनेट झाले असे मानले, तर एका थेंबामागे ०.०२५ मिलिग्रॅम क्षार उरेल. थेंब अर्ध्या चौरस सेंटिमीटरवर पसरला असेल आणि क्षाराची घनता २.७ धरली, तर थराची सरासरी जाडी येते सुमारे ०.२ मायक्रोमीटर. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. म्हणजे एका धुण्याचा थर प्रकाशाच्या तरंगाहूनही पातळ. पण क्षार सगळीकडे सारखा पसरत नाही, कडेला गोळा होतो. तेथले कण तरंगलांबीएवढे किंवा त्याहून मोठे होतात, आणि असे कण प्रकाश विखुरण्यात पटाईत असतात. म्हणून इतकासा क्षार डोळ्यांना पांढराशुभ्र दिसतो.

लिंबू अर्धेच काम का करते?

कॅल्शियम कार्बोनेट आणि काच यांच्यात मोठा फरक आहे. कार्बोनेट सौम्य आम्लात विरघळते, काच विरघळत नाही. म्हणून डागावर लिंबाचा रस, पाण्यात कालवलेले लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर लावले की बारीक बुडबुडे येतात आणि डाग जातो. ताज्या डागाला एवढे पुरते.

जुन्या डागाची गोष्ट निराळी. बेसॉल्ट झिजतो तेव्हा त्यातून कॅल्शियमबरोबर सिलिकाही पाण्यात उतरते, सिलिसिक आम्लाच्या रूपाने. बेसॉल्टमधल्या भूजलात लिटरला काही दशक मिलिग्रॅम सिलिका असणे सामान्य आहे. ती चवीला कळत नाही, साबणाच्या फेसाला अडवत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पण २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात अस्फटिक सिलिका साधारण १२० मिलिग्रॅमच मावते. थेंब आटून तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आला की ही मर्यादा ओलांडली जाते. मग सिलिसिक आम्लाचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊ लागतात. त्यांच्या अंगावरही हायड्रॉक्सिल गट असतात आणि काचेच्या पृष्ठभागावरही तेच. दोन हायड्रॉक्सिल गट जवळ आले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो व मध्ये सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा पूल तयार होतो. उन्हाने तापलेल्या काचेवर हे काम जलद होते.

हाच पूल काचेच्या जाळ्यातही आहे! म्हणजे आता डाग काचेवर नुसता बसलेला नाही, तो काचेला त्याच बंधांनी जोडलेला आहे. लिंबू त्यातले कार्बोनेट विरघळवते आणि मागे सिलिकेची फिकट छाया उरते. आम्ल आणखी तीव्र घेतले तरी उपयोग नाही, कारण सिलिका हे आम्लधर्मी ऑक्साइड आहे. ते नेहमीच्या आम्लांना दाद देत नाही.

मग अल्कली वापरावी का? शिक्षकांना ठाऊक आहे की सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीला काचेचे बूच लावत नाहीत, रबराचे लावतात. अल्कली काचेतल्या सिलिकेवर क्रिया करते आणि बूच बाटलीला कायमचे चिकटते. जी अल्कली डाग खाईल ती काचही खाईल. बांधकामाशेजारी उभ्या गाडीवर ओल्या सिमेंटचे शिंतोडे उडतात, ते या कारणासाठी वाळू न देता धुवावेत. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते.

हायड्रोफ्लुओरिक आम्ल सिलिका विरघळवते, पण काचही तितक्याच आवडीने विरघळवते. शिवाय ते त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करते व जिवावर बेतू शकते. गंज किंवा डाग काढणाऱ्या काही औद्योगिक द्रावणांत ते असते. लेबल वाचल्याशिवाय असे द्रावण घरात आणू नये. थोडक्यात, डाग आणि काच एकाच जातीचे झाले की त्यांच्यात भेद करणारे रसायन उरत नाही.

अशा वेळी दोघांनाही थोडे थोडे घासून काढणे एवढाच मार्ग राहतो. त्यासाठी सेरियम ऑक्साइडची अतिशय बारीक पूड पाण्यात कालवून वापरतात. सेरियम मोनाझाइट वाळूपासून मिळते. केरळात आलुवा येथे १९५२ मध्ये मोनाझाइटवर प्रक्रिया सुरू झाली. ही पूड काच नुसती खरवडत नाही. तिचा सिलिकेशी क्षणिक रासायनिक बंध होतो आणि सिलिका थराथराने सुटते. पण हे काम सराईत हाताचे. एकाच जागी जास्त घासले तर तेथे काच किंचित खोलगट होते आणि तिच्यातून रस्ता लहरी दिसतो. चालकाच्या डोळ्यांसमोर असे होण्यापेक्षा काच बदललेली बरी.

बाकीचे डाग कसे ओळखावेत?

प्रत्येक चिवट डाग पाण्याचा नसतो. इतर डागांशी काचेचा फरक मोठा असतो, म्हणून ते तुलनेने सोपे. फक्त फरक ओळखता आला पाहिजे.

झाडाखाली उभ्या गाडीवर चिकट ठिपके पडतात. ते बहुधा झाडाचे नसून झाडावरच्या किड्यांचे असतात. आंब्यावरचे तुडतुडे किंवा इतर रसशोषक किडे झाडाचा रस पितात व जास्तीची साखर थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. शेतकरी त्याला चिकटा म्हणतात. ही साखर असल्यामुळे कोमट पाण्यात विरघळते. बाभळीचा डिंकही पाण्यात विरघळतो. राळ मात्र पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. दिसायला दोन्ही पिवळट चिकट गोळे, पण एकाला पाणी हवे आणि दुसऱ्याला स्पिरिट.

किड्यांचे अवशेष प्रथिनांचे असतात. वाळून घट्ट झालेले प्रथिन घासण्यापेक्षा ओले फडके दहा-पंधरा मिनिटे त्यावर ठेवावे. फुगून मऊ झाले की ते सहज पुसले जाते.

स्टिकरचा गोंद ही वेगळी जात. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोटारींच्या काचांवरील काळ्या फिल्मवर बंदी घातली आणि देशभर लोकांनी फिल्म ओरबाडून काढल्या. मागे राहिला तो चिकट थर. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून जुना टॅग काढतानाही हाच अनुभव येतो. हा गोंद म्हणजे लांब साखळ्यांचे बहुवारिक. साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असल्याने तो पूर्ण विरघळत नाही, पण निलगिरीचे तेल किंवा थोडे रॉकेल त्यात शिरले की फुगतो आणि काचेवरची पकड सोडतो. विस्तवापासून दूर राहून हे काम करावे आणि मागे राहिलेला तेलकटपणा साबणाने काढावा.

काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर बसतो, त्याचे कारण गाडीतच असते. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून बाष्पनशील पदार्थ बाहेर पडतात व काचेवर साठतात. हा थर तेलकट असल्याने नुसत्या पाण्याने पसरतो. पाण्यात मिसळलेले स्पिरिट आणि स्वच्छ सुती फडके याला उत्तम.

भोसरी-पिंपरीच्या वर्कशॉपांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर तांबूस, खरखरीत ठिपके आढळतात. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तप्त लोखंडाचे कण. काचेवर पडताच ते तिला तेवढ्यापुरते वितळवतात व त्यात रुततात. नंतर ते गंजतात. लिंबूसत्त्वाने गंजाचा रंग फिका होतो, पण रुतलेल्या कणाची जागा खडबडीतच राहते. येथे उपाय एकच, ग्राइंडरपासून गाडी लांब लावणे.

यावरून क्रम ठरतो. भरपूर पाणी, मग साबण, मग स्पिरिट, मग सौम्य आम्ल. प्रत्येक पायरीनंतर काच धुऊन पाहायची. जी पायरी निष्फळ ठरली तिनेही माहिती दिलेलीच असते. आम्ल शहाबादी फरशीवर सांडू देऊ नये, ती चुनखडकाची असल्याने खरवडली जाते. आणि आम्ल व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

घासण्याचे गणित

मोहच्या काठिण्यश्रेणीवर कॅल्साइट म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेट ३ वर आहे, काच सुमारे साडेपाचवर, फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्‌झ ७ वर. पांढरा क्षार काचेहून मऊ आहे, तो काचेला ओरखडत नाही. ओरखडते ती धूळ. रस्त्यावरची धूळ, खडी व क्रशरची वाळू यांत फेल्डस्पार असतो, क्वार्ट्‌झही असतो. कोरड्या काचेवर फडके फिरवणे किंवा वायपर चालवणे म्हणजे हे कण काचेवर दाबून ओढणे. जुन्या गाड्यांच्या काचांवर कमानीसारखे बारीक ओरखडे दिसतात, ते असे पडतात. राख व तारेची घासणीही हेच करतात. दाढीचे पाते सराईत लोक वापरतात, पण काच भरपूर ओली, धूळ पूर्ण धुतलेली आणि पाते जवळजवळ सपाट धरलेले असेल तरच.

डाग जातो, ओरखडा जात नाही. आणि प्रकाश विखुरण्याच्या बाबतीत दोघे सारखेच.

हे सारे कशासाठी?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०० प्रमाणे पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार जायला हवा. डागाळलेली काच ही अट सहज पुरी करते. मग धोका कुठे आहे?

धोका किती प्रकाश अडला यात नसून तो कोठे विखुरला यात आहे. दिवसा समोरचे दृश्य सगळीकडे उजळ असते, विखुरलेला थोडा प्रकाश त्यात लपून जातो. रात्री औंध-रावेत रस्त्यावर समोरून गाडी येते. तिच्या दिव्याचा प्रकाश डागांवर व ओरखड्यांवर पडून सगळ्या दिशांना फुटतो आणि काचेवर एक उजळ पडदा तयार होतो. त्या पडद्यामागे, रस्त्याच्या कडेने गडद कपड्यांत सायकल नेणारा कामगार असतो. त्याच्या अंगावरून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश आधीच अल्प. उजळ पडद्यावर तो वेगळा उठून दिसत नाही. काही क्षण तो चालकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. सकाळी पूर्वेकडे किंवा संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना कलता सूर्यही हेच करतो. काच स्वच्छ ठेवणे ही टापटिपीची बाब वाटते, पण तिची किंमत बहुधा रस्त्यावरचा दुसराच कोणी मोजतो.

वर्गात करून पाहा

१. दोन काचपट्ट्या साबणाने धुऊन घ्या. एकीवर बोअरच्या पाण्याचा व दुसरीवर बॅटरीसाठी मिळणाऱ्या ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब ठेवून उन्हात वाळवा. भिंगातून वर्तुळाची कड पाहा. वर्तुळावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकून बुडबुडे शोधा. तिसऱ्या काचपट्टीवर तीन-चार आठवडे रोज त्याच जागी बोअरच्या पाण्याचा थेंब वाळवा व मग लिंबू लावा. छाया उरते का? आपल्या गावातील निरनिराळ्या विहिरींच्या पाण्याची अशी तुलना करता येईल.

२. काचेच्या एका तुकड्याच्या अर्ध्या भागावर खोबरेलाचे बोट फिरवून पुसून टाका. आता पूर्ण तुकड्यावर पाणी ओता. स्वच्छ भागावर पाण्याचा अखंड पडदा राहील, तेलकट भागावर तो फाटून थेंब होतील. काच खरोखर स्वच्छ झाली का, हे ठरवण्याची ही सर्वांत स्वस्त कसोटी.

३. अंधाऱ्या खोलीत विजेरी पेटवून समोर ठेवा व तिच्या शेजारी करड्या कागदावर काळ्या पेन्सिलीने फिकट अक्षर काढून लावा. आधी स्वच्छ काचेतून व मग डागाळलेल्या काचेतून ते अक्षर वाचायला सांगा. विजेरी बंद करून, खोलीच्या मंद उजेडात, पुन्हा वाचायला सांगा. फरक कोणत्या वेळी जास्त पडतो याची नोंद विद्यार्थ्यांनी स्वतः करावी.

लिंबू व व्हिनेगर याखेरीज कोणतेही आम्ल या प्रयोगांसाठी मुलांच्या हाती देऊ नये. काचेच्या तुकड्यांच्या कडा आधी घासून बोथट करून घ्याव्यात किंवा त्यांना चिकटपट्टी लावावी.

गाडी धुणाऱ्यासाठी या सगळ्याचे सार फार छोटे आहे. गाडी सावलीत धुवावी. शेवटचा तांब्याभर हात नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा फिरवावा. आणि थेंब वाळण्यापूर्वी काच कोरडी करावी. पाणी पुसून घेतले की त्यातली सिलिका फडक्याबरोबर जाते, आणि काचेशी तिची सोयरीक जुळायची राहून जाते.